पूल झाला, पोचरस्ता राहिला

ग्रामीण महाराष्ट्रात थोडंफार फिरलेल्या प्रत्येकाने असा एखादा पूल पाहिलेला असतो. नदीत खांब उभे, वर स्लॅब पडलेला, कठड्यांना काळा-पिवळा रंगसुद्धा दिलेला. फक्त दोन्ही टोकांना रस्ता नाही. भराव टाकायचा राहिलाय, नाहीतर कुणाच्या जमिनीचा मोबदला अडलाय. कागदावर पूल 'पूर्ण' असतो आणि माणसं खालून, गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन जातात.

दर जून-जुलैला आदिवासी विद्यार्थ्यांच्या प्रवेशांच्या, रखडलेल्या शिष्यवृत्त्यांच्या, वसतिगृहासाठी निघालेल्या मोर्चांच्या बातम्या येतात, तेव्हा मला हा पूल आठवतो. त्यावरचा प्रश्नही ठरलेला असतो: "आरक्षण आहे, फी माफ आहे, वसतिगृह आहे. आता आणखी काय पाहिजे यांना?" विचारणारा दरवेळी खवचटपणेच विचारतो असं नाही. बऱ्याच जणांना पुलाच्या टोकाशी काय आहे ते दिसलेलंच नसतं. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे मला ते जरा जवळून दिसलं.

## आधी, आदिवासी म्हणजे नेमकं कोण?

सरकारी भाषेत 'अनुसूचित जमाती'. राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने या जमातींची यादी ठरते. पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ची. ही तारीख लक्षात असू द्या, पुढे ती पुन्हा भेटेल. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साडेदहा कोटींच्या आसपास आदिवासी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख, साधारण ९.३५ टक्के.

यादीतल्या सगळ्यांना आपण 'आदिवासी' नावाच्या एकाच पिशवीत टाकतो, ही पहिली गडबड. भिल्ल, पावरा, कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, कोरकू, गोंड, माडिया, कोलाम, आंध... यांच्या भाषासुद्धा एका घराण्यातल्या नाहीत. भिली आणि वारली या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. गोंडी, माडिया, कोलामी या तेलुगू-कन्नडच्या, म्हणजे द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू तर तिसऱ्याच घराण्याची, झारखंडच्या मुंडारीची लांबची बहीण. धडगावचा पावरा मुलगा आणि भामरागडचा माडिया मुलगा पुण्यातल्या वसतिगृहात एका खोलीत आले तर एकमेकांशी मराठीत बोलतील, आणि ती दोघांचीही परकी भाषा असेल. आपण मात्र दोघांकडे बघून म्हणतो, "हे त्यांच्यातले."

## शंभरातले एकवीस

उच्च शिक्षणात कोण किती आहे हे मोजायची सरकारी पट्टी म्हणजे 'जीईआर'. मराठीत तिला नोंदणी प्रमाण म्हणू. १८ ते २३ या वयोगटात जितकी मुलं-मुली आहेत, त्यांच्या तुलनेत कॉलेजच्या पटावर किती नावं आहेत, एवढाच तिचा अर्थ. २०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण सगळ्यांसाठी २८.४ होतं आणि अनुसूचित जमातींसाठी २१.२.

२०१४-१५ मध्ये हेच आकडे २३.७ आणि १३.७ होते. म्हणजे दहाचं अंतर सातावर आलं. आदिवासी विद्यार्थ्यांची संख्या १६.४ लाखांवरून २७.१ लाखांवर गेली. हे खरं यश आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. 'काहीच झालं नाही' म्हणणाऱ्यांनी गेल्या पंधरा वर्षांत एखाद्या आदिवासी तालुक्यातल्या कॉलेजच्या आवारात पाय ठेवलेला नसतो.

पण ही पट्टी काय मोजत नाही तेही बघा. ती एसटी बसमध्ये चढलेल्यांची मोजणी आहे. मधल्या थांब्यांवर किती उतरले, हे तिच्यात दिसत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर जुलैत सगळी नावं निळ्या शाईत असायची. दिवाळीनंतर काही नावांपुढे नुसत्या रेघा. कुणी अर्ज देऊन कॉलेज सोडत नाही, कुणी भांडून जात नाही. सुट्टीला घरी गेलेला मुलगा परत येत नाही, इतकंच. टीसी न्यायलासुद्धा कधीकधी दोन वर्षांनी येतो, कुठल्यातरी भरतीसाठी लागतो म्हणून.

माझ्या अनुभवात गळती होते ती पहिल्या सहा महिन्यांत. प्रवेश आणि पहिली सत्र परीक्षा यांच्या मधे. म्हणून या लेखाचा सगळा रोख त्या सहा महिन्यांवर आहे.

## पैसे मिळतात. पण कधी?

मुख्य योजना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्यांना. फी भागते आणि शिवाय निर्वाहभत्ता मिळतो. हा भत्ता किती असावा? २०१० च्या सुधारणेत साध्या पदवी अभ्यासक्रमाला असलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तो ठरला महिना ५७० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ३००. आणि हा दर वर्षानुवर्षं तसाच राहिला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणली ती या पार्श्वभूमीवर. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला वर्षाला मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, असे तिचे सुरुवातीचे दर. योजना चांगली आहे, हे स्पष्टच सांगतो.

गोची वेळेची आहे. खोलीचं डिपॉझिट जुलैत द्यावं लागतं. मेसचा आगाऊ महिना जुलैत. प्रॅक्टिकलचा अ‍ॅप्रन, जर्नल, एसटीचा पास, सगळं जुलैत. योजनेचा पैसा मात्र अर्ज, पडताळणी, हजेरी, मंजुरी या सगळ्या पायऱ्या चढून हप्त्याहप्त्याने येतो. तोही आधार जोडलेल्या खात्यात. आणि ते खातं सातवीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, व्यवहार नाहीत म्हणून बंद पडलेलं, गावापासून पस्तीस किलोमीटरवरच्या शाखेत. ते चालू करायला मूळ शाखेतच या म्हणतात. वरातीमागून घोडं येतं म्हणतात ना, इथे घोडं येतं तेव्हा नवरदेव ऊसतोडीला गेलेला असतो.

पगारदार घरातल्या मुलाचीही शिष्यवृत्ती कधी उशिरा येतेच की. पण त्याला ते कळतसुद्धा नाही, कारण मधली पोकळी घर भरून काढतं. बाप फोनवरून पाच हजार पाठवतो. मावशीकडे राहता येतं. हे घर म्हणजेच खरं तर एक शिष्यवृत्ती, जिचा कुठे अर्ज नसतो. ज्या घरात रोख पैसा वर्षातून दोनदा दिसतो, एकदा मोहफुलं किंवा तेंदूपत्ता विकल्यावर आणि एकदा मुकादमाची उचल घेतल्यावर, त्या घराला ऑगस्टमध्ये पाच हजार मागणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

या संदर्भात २०१८ चं मेस-प्रकरण मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये आदिवासी विकास विभागाने ठरवलं की शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांतली मेस बंद करायची आणि जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचे. कागदावर तर्क चोख होता. ठेकेदार गेला, निकृष्ट जेवणाच्या तक्रारी गेल्या, ज्याला जे आवडेल ते त्याने खावं. त्याच जुलैत मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली. पैसे नकोत, मेस द्या, अशी मागणी करत. 'फुकट पैसे मिळतायत तरी मोर्चा?' अशी टिंगल तेव्हा बरीच झाली.

पण जरा विचार करा. ताट तीन महिने उशिरा येऊ शकत नाही. ते दुपारी आलं नाही तर दुपारीच बोंब होते, गृहपालाला धावपळ करावी लागते. खात्यातला पैसा तीन महिने उशिरा आला तरी कुणाला ऐकू जात नाही. फक्त एक मुलगा वडापाववर दिवस काढतो. शिवाय खात्यात पैसे आहेत आणि घरी धाकट्या बहिणीला दवाखान्यात न्यायचंय, तर पैसे कुठे जातील? ताट गावाला पाठवता येत नाही. आणि मुलींना रात्री साडेआठला अनोळखी शहरात जेवण शोधत फिरावं लागत नाही. थेट खात्यात पैसे ही पद्धत सगळीकडे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या, घरापासून तीनशे किलोमीटरवर असलेल्या मुलाच्या बाबतीत ताटच बरं, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

## आजोबांचा दाखला आणा

आता ती तारीख. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जमातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. बोलीभाषेत 'व्हॅलिडिटी'. त्यासाठी घराण्यातल्या कुणाचातरी जुना पुरावा द्यावा लागतो, शक्यतो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. सर्वांत वजनदार पुरावा कोणता? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली जमातीची नोंद.

यातला विनोद लक्षात आला का? घराण्यातून पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे आपण आजोबांच्या शाळेचा दाखला मागतो. आजोबा शाळेत गेले असते तर कदाचित तिला या रांगेत उभं राहायची वेळच आली नसती. मग सुरू होतो शोध. तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जमिनीचे जुने उतारे, एखाद्या चुलत घराण्याचे कागद. बाप मजुरी बुडवून चार-पाच खेपा घालतो. कोतवाल बुकाची पानं वाळवीने खाल्लेली. नावापुढे 'भिल' लिहिलंय की 'भील', यावर पुन्हा प्रश्न.

ही अट सरकारी खोडसाळपणातून आलेली नाही, हेही सांगायला हवं. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लाटण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली, महाराष्ट्राने २००० मध्ये त्यासाठी कायदा केला, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ठणकावून सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेला लाभ टिकणार नाही. आदिवासी संघटनाच कडक पडताळणीची मागणी करत आल्या आहेत, आणि ती रास्त आहे. अडचण एवढीच की चोर पकडायला लावलेल्या चाळणीत घरमालकच अडकून बसतो. देवदेवता, लग्नाचे विधी, बोली यांवर प्रश्न विचारून जमातीशी नातं तपासण्याची 'आप्तभाव चाचणी' हीच अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं. त्यामुळे थोडी वाट मोकळी झाली. वडिलांची किंवा सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी असेल तर कामही सोपं होतं. पण पहिल्या पिढीला वडिलांची व्हॅलिडिटी कुठून असणार? त्यांनी हा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता अकरावीतच टाकायला हवा. आणि हे त्यांना सांगणारं माणूस कनिष्ठ महाविद्यालयात हवं.

## वर्गातली शांतता

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलची एक गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षाची एक पावरा मुलगी, तोरणमाळच्या बाजूची. टायट्रेशन करताना शेवटचा एक थेंब पडला की रंग पालटतो, तो क्षण पकडायचा असतो. वर्गातली अर्धी मुलं घाईत चार थेंब जास्त सोडतात. तिचं तिन्ही वेळचं माप सारखं आलं. हात स्थिर, डोळा पक्का. नंतर तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, ती गप्प. मराठीत विचारलं, दोन तुटक वाक्यं. वीसपैकी नऊ गुण.

संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लावताना पाहिलं तर ती बाहेरच्या कट्ट्यावर गावच्या मैत्रिणीला तेच समजावत होती. पावरीत. कट्ट्यावरच्या धुळीत बोटाने ब्युरेट काढून, आम्ल किती, आम्लारी किती, रंग का बदलतो, सगळं. पाच मिनिटं सलग. मला त्यातला प्रत्येक शब्द कळला नाही, पण 'इंडिकेटर' हा शब्द तिने चार वेळा वापरला आणि चारही वेळा योग्य ठिकाणी. ते नऊ गुण तिचे नव्हते, आमचे होते.

घरी पावरी किंवा गोंडी, आश्रमशाळेत मराठी, विज्ञान शाखेत इंग्रजी. हा तीन मजली वाडा आहे आणि आपण पहिल्या मजल्याचा जिना कधी बांधलाच नाही. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत, अनुदानित वेगळ्या. तिथे गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे जुनंच दुखणं. वरच्या पातळीवर बघितलं तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता दिलेल्या भाषांच्या यादीत, आदिवासी म्हणाव्यात अशा भाषा दोनच, बोडो आणि संताली, त्याही २००३ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीच्या वर आणि गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळ होते. दोन्ही भाषा यादीबाहेर.

"पण शेवटी इंग्रजी यायलाच हवं ना?" हवंच. त्याबद्दल वाद नाही, आणि आदिवासी पालकांनाही तेच हवं असतं. प्रश्न तिथवर चढायचं कसं याचा आहे. सगळी पुस्तकं पावरीत छापा असं कुणी म्हणत नाही. आठवड्यातून दोन तास, त्याच भाषेतला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि अवघड संकल्पना आधी घरच्या भाषेत फोडायची मुभा. एवढ्यानेही वर्गातली शांतता मोडते. त्या मोठ्या विद्यार्थ्याला 'कमवा आणि शिका' योजनेतून तासाचे पैसे द्या, म्हणजे त्याचाही महिना भागेल.

## वेळापत्रक कोणाच्या घरचं?

हे थोडक्यात. सातपुड्यात वर्षाचा सर्वांत मोठा सण दिवाळी नाही, होळी. काठीची राजवाडी होळी बघायला लांबलांबहून लोक येतात. विद्यापीठाच्या वेळापत्रकात दिवाळीला तीन आठवडे आणि होळीला एखादा दिवस, तोही अंतर्गत परीक्षांच्या तोंडावर. भाताची लावणी नेमकी प्रवेशफेऱ्यांच्या जुलैत. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना सारखा, पण नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुलं आहेत. दुखण्याची लाट आली की आठवडाभर उठता येत नाही. सिकलसेलसाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं, कार्डं वाटली गेली. ते कार्ड हजेरी माफीसाठी ग्राह्य धरायला किती कॉलेजांनी सुरुवात केली, हे प्राचार्यांना विचारण्यासारखं आहे.

## "अशाने गुणवत्ता घसरणार नाही का?"

दोन शेतकरी घ्या. बागायतदाराने एकरी वीस पोती काढली, कोरडवाहूवाल्याने चौदा. जास्त कसबी कोण? उत्तर लगेच देता येत नाही, कारण पाणी किती होतं ते आधी विचारावं लागतं. प्रवेशाच्या वेळचे गुण हे असेच विहिरीसकट मोजलेले असतात. क्लास, घरातली पुस्तकं, शिकलेली आई, सगळं त्यात मिसळलेलं असतं. राखीव जागा प्रवेशाची रेघ हलवतात. पासिंगची रेघ हलत नाही. पदवीचा पेपर सगळ्यांना एकच असतो.

पण याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. बारावीपर्यंत ज्याला गणिताचा शिक्षकच मिळाला नाही, त्याला राखीव जागेवर अभियांत्रिकीत बसवून पुढे वाऱ्यावर सोडलं, तर चार वर्षांत त्याच्या हाती बॅकलॉगची यादी आणि डोक्यात 'आपल्याला जमत नाही' एवढंच उरतं. आणि दयेपोटी पास करणारे काही प्राध्यापक मी पाहिले आहेत. ते स्वतःला उदार समजतात. माझ्या मते तो अपमान आहे. वर्गावर आणखी दोन तास घ्यायचे कष्ट वाचवण्यासाठी केलेला.

अपमानाचाच विषय निघाला तर, 'कोट्यातला' हा शब्द वसतिगृहाच्या जिन्यावर, प्रयोगशाळेत, कधी तासालाही ऐकू येतो. २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी तरुण डॉक्टरने आयुष्य संपवलं आणि वरिष्ठांनी केलेल्या छळाचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हा आठवडाभर सगळे हळहळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असायला हवा होता. तुमच्या कॉलेजात तो कोण, हे दहा प्राध्यापकांना विचारून बघा. नाव सांगणारे निघाले तर मला आनंदच होईल.

## "सधन आदिवासीच सगळं घेऊन जातात"

यात तथ्य आहे. शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा आहे, पण राखीव जागांवरच्या प्रवेशात अनुसूचित जमातींना ती नाही. नोकरदार कुटुंब आणि कातकरी वस्तीवरचं वीटभट्टीला जाणारं कुटुंब एकाच रांगेत उभं असतं. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या तीन जमाती, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, विशेष दुर्बल म्हणून नोंदवल्या आहेत. राखीव प्रवर्गांतर्गत उपवर्गीकरण करायला, म्हणजे प्रवर्गातल्या जास्त मागे राहिलेल्यांना वेगळा वाटा द्यायला, राज्यांना मुभा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १ ऑगस्ट २०२४ ला सहा विरुद्ध एक असा दिला. तो वाद मोठा आहे आणि समाजात त्यावर दोन तट आहेत. मला एवढंच दिसतं की जागांची वाटणी कशीही झाली तरी कातकरी मुलगी बारावीपर्यंत पोचायला हवी. आज मुळात त्या रांगेत ती फारशी दिसतच नाही.

## "मग वेगळं विद्यापीठच काढा की!"

काढली आहेत. मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे, २००७ च्या कायद्याने स्थापन झालेलं. आपल्याकडे २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून गडचिरोली आणि चंद्रपूर वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी सिरोंच्याच्या मुलाला एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागे. आता गडचिरोली, तेही दोनशेच्या वर. सुधारणा म्हणायची ती अशीच.

जवळ असणं हा एक फायदा झाला. दुसरा प्रश्न, आत काय शिकवतात? न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाने १९८० च्या दशकापासून 'वानंगा' नावाच्या स्वतःच्या उच्च शिक्षणसंस्था उभ्या केल्या. अशा तीन संस्थांना सरकारी मान्यता आहे आणि तिथे माओरी भाषा आणि ज्ञानपरंपरा हा अभ्यासक्रमाचा पाया आहे. अमेरिकेत नावाहो लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचं कॉलेज सुरू केलं, ते आज दिने कॉलेज म्हणून ओळखलं जातं. कॅनडातल्या विनिपेग आणि लेकहेड विद्यापीठांनी उलटी वाट धरली. २०१६ पासून तिथे पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला, गोऱ्या विद्यार्थ्यालाही, मूलनिवासींविषयीचा अभ्यास सक्तीचा केला. म्हणजे फक्त त्यांनी आपल्यासारखं व्हायचं असं नाही, आपणही काही शिकायचं.

आपल्याकडे याची सामग्री कमी आहे का? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा चालवली, आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. बांबू किती तोडायचा, किती राखायचा, विकायचा कसा, हिशेब कोण ठेवणार, हे सगळं तिथे बसून ठरतं. व्यवस्थापन शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला दोन महिने तिथे बसवलं तर त्याचं काही बिघडणार नाही. आपण मात्र त्या गावच्या मुलाला शहरात आणून सहकाराची व्याख्या पाठ करायला लावतो.

वेगळं विद्यापीठ हवं की आहे तेच बदलायला हवं, असं मला कुणी विचारलं तर मी दोन्ही म्हणेन, पण दुसरं आधी. सगळ्यांना अमरकंटकला जायचं नसतं. त्या पावरा मुलीला पुण्याला जायचं होतं.

## तर मग जुलैत काय करायचं?

मोठ्या गोष्टी सरकारने करायच्या. भत्ते महागाईशी जोडायचे, वसतिगृहं वाढवायची, आश्रमशाळांत शिक्षक भरायचे. पण काही गोष्टींना शासन निर्णय लागत नाही. प्रवेशाच्या दिवशीच बँक खातं चालू आहे का आणि आधार जोडलंय का ते कॉलेजच्या कारकुनाने तपासायचं. पहिले तीन-चार आठवडे वेग कमी ठेवून पाया पक्का करायचा. दिवाळीनंतर जो आला नाही त्याला आठवड्याच्या आत फोन लावायचा, फोन लागला नाही तर त्याच्या गावच्या दुसऱ्या मुलाकडून निरोप धाडायचा. यातली बरीच मुलं फक्त बसभाड्यासाठी अडकलेली असतात. हे अतिशयोक्त वाटेल, पण तसंच आहे.

आमच्या विभागात आम्ही पाच-सहा जणांनी मिळून एक वही सुरू केली होती. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे पैसे टाकायचे आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत ज्याला लागतील त्याला द्यायचे. व्याज नाही, जामीन नाही, कारण विचारायचं नाही. रकाने चार: नाव, रक्कम, दिलेली तारीख, परत. रकमा बघितल्या तर हसू येईल. चारशे. सहाशे पन्नास. एकदा नुसते एकशे ऐंशी, अ‍ॅप्रनसाठी. 'परत'च्या रकान्यात काही जागा कोऱ्या आहेत, पण शिष्यवृत्ती जमा झाली की मुलं बहुतेकदा त्याच आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहायची, हातात घड्या घातलेल्या नोटा. ती टायट्रेशनवाली मुलगी दुसऱ्या वर्षाला आली तेव्हा वहीचं काम तिच्याकडेच दिलं. पहिल्याच आठवड्यात तिने पाचवा रकाना आखला: 'कोणाला कळवायचं'. आणि त्यात प्रत्येकाच्या गावातला चालू फोन असलेला एक नंबर लिहून घेतला.